तू नेमकं करतं तरी काय?

यंदा दिवाळीला मी गावी पोहोचलो तेव्हा सोयाबीन विकून झाले होते आणि कापसाची पहिली वेचणी आटोपली होती, त्यामुळे बाबांना बोलायला फुरसत होती. पुण्याहून रेल्वेने बडनेरा, तिथून नेरमार्गे एसटीने दारव्हा आणि पुढे मिळेल त्या वाहनाने गाव, असा प्रवास करून मी ओसरीवर टेकतो न टेकतो तोच शेजारचे काका आले आणि त्यांच्या मुदत भरलेल्या पॉलिसीचे अडकलेले पैसे सोडवून देशील का, असे विचारू लागले. मी विम्याच्या कामात आहे एवढे गावाला ठाऊक आहे, आणि विम्याच्या कामातला माणूस म्हणजे पॉलिसी काढून देणारा एजंट, ही समजूत इतकी पक्की आहे की गेल्या नऊ वर्षांत मला ती मोडता आलेली नाही. ते माझे काम नव्हे, तरी कागद दाखवा, पाहतो, असे मी काकांना सांगितले. ते गेल्यावर बाबांनी सुपारी कातरता कातरता, मान वर न करता विचारले, "पॉलिश्या तं तू काढत नाही. मंग नेमकं करतं तरी काय?"

हा प्रश्न मला टोचला, आणि त्याला एक खासगी कारण होते. मी ॲक्चुअरी होण्याच्या वाटेवर आहे. मराठीत याला विमागणिती असा चांगला शब्द आहे, पण तो बोलण्यात वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. या व्यवसायाच्या तेरा पेपरांपैकी माझे दहा निघाले आहेत, आणि ज्या पेपरात मी दोनदा आपटलो तो गणिताचाही नाही आणि संख्याशास्त्राचाही नाही. सीपी-३ नावाच्या त्या पेपरात विमागणितातला एक किचकट प्रश्न देतात आणि ज्याला त्यातले काहीच ठाऊक नाही अशा माणसाला तो कळेल असा लिहून समजावायला सांगतात. पेपर इंग्रजीत असतो, म्हणून दोन्ही वेळा मी तो इंग्रजीचा पेपर समजून लिहिला. बाबांनी प्रश्न विचारला तेव्हा ध्यानात आले, की ज्याला डोळ्यांपुढे ठेवून ते उत्तर लिहायचे असते तो माणूस समोर सुपारी कातरतो आहे, आणि त्याला मी नऊ वर्षे 'आकडेमोडीचे काम असते' एवढ्यावर वाटेला लावत आलो आहे.

म्हणून या खेपेला नीट सांगायचे ठरवले. विमा कंपनी आज हप्ता घेते आणि पुढे केव्हातरी पैसे देण्याचे वचन देते. हे 'पुढे' एका वर्षावर असेल किंवा तीस वर्षांवर. ते वचन पाळता यावे यासाठी आज हप्ता किती घ्यावा आणि घेतलेल्यातून किती रकमेला हात न लावता ती बाजूला ठेवावी, हे ठरवून देणारा माणूस म्हणजे ॲक्चुअरी. यावर बाबांचा पुढचा प्रश्न मला अपेक्षितच होता. "म्हंजे कोन कवा मरन, थे तुले मालूम रायते काय?"

मालूम नसते, आणि असण्याची गरजही नसते. एकट्या माणसाविषयी ॲक्चुअरीला ज्योतिष्याइतकेही बोलता येत नाही. पण विमा घेतलेल्या तिशीतल्या हजार माणसांचा जमाव समोर धरला, तर त्यांतला साधारण एक जण येत्या वर्षभरात जाईल, हे विमाधारकांच्या मृत्युदराच्या तक्त्यावरून सांगता येते. आपल्याकडे सध्याचा तक्ता २०१२ ते २०१४ या काळातल्या विमाधारकांच्या अनुभवावर बेतलेला आहे आणि १ एप्रिल २०१९ पासून तो लागू आहे. जो जाईल त्याच्या घरी दोन लाख पोहोचवायचे असतील, तर हजार जणांनी दोन-दोनशे रुपये काढले की काम भागते. पन्नाशीतल्या हजारांमधून मात्र वर्षाला चाराहून अधिक जातात, म्हणजे तेवढ्याच दोन लाखांसाठी तिथे प्रत्येकाला आठशेच्या वर काढावे लागतात. कचेरीचा खर्च, एजंटचे कमिशन, मालकाचा नफा आणि एकाऐवजी तिघे गेले तर काय, याची तजवीज, हे सगळे त्यावर चढते. जमाव जितका मोठा तितका अंदाज पक्का होतो. हजारांतून एकाऐवजी तीन जाणे सहज घडू शकते, पण दहा लाखांतून हजाराऐवजी तीन हजार जाणे, करोनासारखे साथीचे वर्ष सोडले तर, घडत नाही. आणि हा तक्ता विमा घेतलेल्यांचा आहे हे विसरून चालत नाही, कारण विमा देताना प्रकृती पारखून माणसे घेतलेली असतात. सबंध गावाला तोच तक्ता लावला तर हिशोब तुटीत जाईल.

बाबांना उदाहरण घरातच सापडले. मोठ्या भावाच्या पासबुकातून दर वर्षी मे अखेरीस ४३६ रुपये कटतात, ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे. मे २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा हप्ता ३३० रुपये होता. जमा होणाऱ्या हप्त्यांना दाव्यांचा भार पेलवेना, म्हणून १ जून २०२२ पासून तो ४३६ झाला. १८ ते ५० वर्षांच्या कोणालाही त्यात याच एका हप्त्याने शिरता येते, म्हणजे आताच सांगितलेल्या हिशोबाने पंचविशीतला पोरगा पन्नाशीतल्या शेजाऱ्याचा थोडा भार उचलत असतो. सरकारी योजनेत हे जाणूनबुजून केलेले असते. मोकळ्या बाजारात असा एकच भाव ठेवला, तर तरुण मंडळी स्वस्त विमा शोधून निघून जातात, मागे वयस्क तेवढे उरतात, भाव चढवावा लागतो, आणि त्या चढलेल्या भावाने आणखी काही तरुण निघून जातात. या योजनेत डॉक्टरी तपासणीही नाही, तेव्हा दुखणे बळावल्यावर फॉर्म भरण्याचा मोह कोणालाही होणार. त्यासाठी अशी अट आहे की नव्याने दाखल झालेला माणूस पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय अन्य कारणाने वारला तर दावा मिळत नाही. आमच्या गावात या अटीला सरळ लबाडी म्हणतात. माझ्या मते ती लबाडी नाही, ती अट नसती तर ४३६ चे आणखी किती झाले असते ते मी कागदावर मांडून दाखवू शकतो. मात्र फॉर्मवर अंगठा घेताना ती अट कोणी वाचून दाखवत नाही, ही गावाची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

मरणाचा असा तक्ता मांडण्याची कल्पना जुनी आहे. ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो त्या एडमंड हॅली यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन तसा तक्ता केला होता, आणि त्या नोंदी एका पाद्र्याने चिकाटीने लिहून ठेवलेल्या होत्या. पुढे १७६२ मध्ये लंडनला निघालेल्या इक्विटेबल सोसायटीने ॲक्चुअरी हे पदनाम विम्यात आणले. आपल्याकडे १८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल कंपनी निघाली, पण त्या काळच्या विदेशी कंपन्या भारतीयांचा विमा उतरवायला तयार नसत, आणि तयार झाल्या तर जास्तीचा हप्ता लावत, कारण त्यांच्या हाती तक्ते होते ते गोऱ्या माणसांचे. बॉम्बे म्युच्युअल या मुंबईच्या संस्थेने १८७० च्या सुमारास भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला. १९१२ च्या कायद्याने हप्त्यांचे दर आणि कंपनीची ठरावीक काळाने होणारी पडताळणी ॲक्चुअरीने प्रमाणित करणे बंधनकारक केले, आणि १९५६ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघून त्याच वर्षी २४५ संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. बाबांना या सगळ्यात आवडला तो ब्रेस्लाऊचा पाद्री. त्यांच्याकडेही एक वही आहे. पेरणी कोणत्या तारखेला झाली, पाऊस कुठे तुटला, एकरी किती क्विंटल आले, असे दर वर्षीचे एक-एक पान त्यांनी तीसेक वर्षांपासून लिहून ठेवले आहे.

मी स्वतः विमा कंपनीत नाही. पुण्यातल्या एका लहान सल्लागार कचेरीत मी ग्रॅच्युइटीचे मूल्यांकन करतो, आणि हे काम बाबांना जीवनविम्यापेक्षा लवकर उमगले, कारण आमच्या गावातले दोघे-तिघे जिनिंगमध्ये कामाला होते. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम नोकरांसाठी तसाच राहिलेला हिशोब असा, की पाच वर्षे नोकरी झालेला माणूस निवृत्त होताना वा नोकरी सोडताना त्याच्या शेवटच्या मासिक पगाराला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि येईल त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. १३,००० रुपये पगार असेल तर वर्षाचे ७,५०० होतात आणि वीस वर्षांचे दीड लाख. पैसे द्यायचे ते माणूस जाईल तेव्हा, पण कारखान्याच्या ताळेबंदात ते देणे आजच दिसले पाहिजे, असे हिशोबाचे मानक सांगते. दहा वर्षांनी दीड लाख द्यायचे असतील आणि पैसा ७ टक्क्यांनी वाढणार असेल, तर आज सुमारे ७६ हजार बाजूला ठेवले तरी पुरतात. पैसा ६ टक्क्यांनीच वाढणार असेल तर जवळजवळ ८४ हजार लागतात. एका माणसामागे एका टक्क्याने साडेसात हजारांचा फरक पडतो, आणि कारखान्यात माणसे चारशे असतात. शिवाय पगार वाढत जाणार, काही जण पाच वर्षांच्या आत निघून जाणार आणि त्यांना काही मिळणार नाही, काही नोकरीत असतानाच वारणार आणि त्यांच्या घरच्यांना मात्र पाच वर्षांची अट न लावता द्यावे लागणार. या प्रत्येक गोष्टीचा अंदाज बांधावा लागतो. व्याजाचा दर सरकारी रोख्यांवरून घेता येतो, पण माणसे नोकरी किती सोडतील याचा अंदाज मालक सांगतो, आणि कधीकधी ताळेबंदावरचे देणे हलके दिसावे म्हणून तो सोयीचा सांगतो. त्याला 'असे का वाटते?' असे विचारणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि ते कोणत्याही पुस्तकात शिकवत नाहीत.

दुसरा मोठा भाग म्हणजे आलेली माहिती चाळणे. कारखान्याकडून कामगारांची यादी येते तेव्हा पहिल्यांदा मी जन्मतारखांचा रकाना पाहतो, कारण त्यात १ जून आणि १ जुलै या दोन तारखांची रास पडलेली असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख सोयीची पाहून लिहिली ती जन्मभर चिकटली, असा हा प्रकार विदर्भातल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. बाबांच्या आधार कार्डावरही १ जुलै आहे, आणि आजी सांगायची की ते पोळ्याच्या पाडव्याचे. वर्षा-दोन वर्षांचा असा फरक एका माणसात विशेष जाणवत नाही, पण निवृत्तीचे वय त्या तारखेवरून मोजतात, म्हणून सबंध यादीच एका बाजूला कलली असेल तर देण्याचा आकडाही कलतो.

पेन्शनच्या कामात मृत्युदराच्या तक्त्याकडे उलट्या बाजूने पाहावे लागते. जीवनविमा देणाऱ्याला माणूस लवकर जाण्याची धास्ती असते, तर पेन्शन देणाऱ्याला तो उशिरा जाण्याची. मृत्युदर अपेक्षेपेक्षा घटले की एकाच कंपनीच्या एका खात्यात फायदा होतो आणि दुसऱ्यात तोटा. हे ऐकून बाबा म्हणाले, की म्हणजे सोयाबीनमध्ये तूर घेतल्यासारखेच झाले. आंतरपिकाची ही उपमा मी पुढच्या सीपी-३ साठी जपून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी काकांची मुलगी पॉलिसीचे कागद घेऊन आली. पैसे अडकलेले नव्हतेच. मुदत भरल्यावर बँक खात्याचा तपशील आणि सही केलेली पावती पाठवायची राहिली होती, एवढेच. ती बारावीला आहे, गणितात बरी आहे, आणि यूट्यूबवर तिने ॲक्चुअरीच्या पगाराचे व्हिडिओ पाहिलेले आहेत. त्या व्हिडिओंतले आकडे खोटे नसतात, पण ते बहुधा फेलो झालेल्यांचे, म्हणजे सगळे पेपर काढून पूर्ण ॲक्चुअरी झालेल्यांचे असतात, आणि देशभरातल्या फेलोंची गणती आजही शेकड्यांतच होते. तिथवर पोहोचायला किती वर्षे लागली हे त्या व्हिडिओत शेवटी, घाईघाईने सांगतात. म्हणून मी तिला उलट्या टोकाकडून सांगितले.

या व्यवसायाचे नियमन करणारी संस्था म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ॲक्चुअरिअल सोसायटीच्या जागी २००६ च्या कायद्याने ती आली, आणि तिची कचेरी नवी मुंबईत आहे. आत शिरण्यासाठी एसेट नावाची प्रवेश परीक्षा असते, ती बारावीनंतर देता येते, आणि तीत गणित, संख्याशास्त्र, माहितीचे विश्लेषण, इंग्रजी आणि तर्कबुद्धी यांवर प्रश्न असतात. ही परीक्षा अवघड नाही, आणि पुष्कळांची फसगत होते ती इथेच. प्रवेश मिळाला म्हणजे वाट सापडली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सीएस म्हणजे संख्याशास्त्राचे दोन, सीएम म्हणजे व्याज, आयुर्मान आणि गुंतवणुकीच्या गणिताचे दोन आणि सीबी म्हणजे वित्त, अर्थशास्त्र व व्यवसायाचे तीन, असे सात पेपर पायाचे. त्यानंतर सीपीचे तीन, मग विमा, पेन्शन, आरोग्य यांसारख्या शाखांतून निवडायचे दोन आणि शेवटी सखोल अभ्यासाचा एक. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. सीएस आणि सीएमच्या पेपरांना लेखी भागाखेरीज संगणकावर, एक्सेलमध्ये किंवा आर नावाच्या संगणकभाषेत सोडवायचा भागही असतो. बसलेल्यांपैकी निम्म्याहून कमी उत्तीर्ण होणे ही इथली रोजची गोष्ट आहे. वर्गात कायम पहिला आलेला मुलगा आयुष्यात प्रथमच नापास होतो तो इथे. माझेही तसेच झाले, सीएम-१ ला, आणि ती गोष्ट मी सहा महिने घरी सांगितली नव्हती.

अमरावतीला गणित आणि संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करताना या वाटेचे नावदेखील मला कोणी सांगितले नव्हते, तेव्हा आमच्याकडच्या मुलांना नेमके काय जड जाते ते मी अनुभवाने सांगू शकतो. गणित जड जात नाही. जड जाते ते इंग्रजीत सलग दोन पाने लिहिणे, कारण वरच्या पेपरांत आकडे थोडे आणि युक्तिवाद जास्त असतो. दुसरे म्हणजे पैसा. महाविद्यालयासारखी एकरकमी फी इथे नाही, पण दर पेपराचे शुल्क वेगळे, नापास झाल्यास पुन्हा तेच, अभ्याससाहित्य वेगळे, आणि नोकरी मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळुरू, गुरुग्राम या शहरांत असल्यामुळे राहण्याचा खर्च वेगळा. बहुतेक मालक उत्तीर्ण पेपरांचे शुल्क परत देतात आणि अभ्यासाला रजा देतात, म्हणून माझा सल्ला असा, की पदवीपर्यंत दोन-तीन पेपर काढावे, लवकर नोकरी धरावी आणि उरलेले नोकरीत राहून द्यावे. पदवी सोडून नुसते पेपर देत बसण्याचा सल्ला काही शिकवणीवाले देतात, तो मला पटत नाही. पेपर थांबले तर हाती पदवी तरी हवी. संख्याशास्त्राची पदवी असली की बँकेत, माहिती विश्लेषणाच्या कंपन्यांत किंवा शिक्षकाच्या जागेवर वळता येते.

विम्यातल्या ज्या जागांना हे तेरा पेपर लागत नाहीत, त्यांची मला आमच्या गावासाठी जास्त आठवण होते. जोखीम तपासणारे, ज्यांना कंपनीत अंडररायटर म्हणतात, ते कोणाचा विमा कोणत्या अटीवर घ्यायचा ते ठरवतात. दावे तपासणारे वेगळे. आयुर्विमा महामंडळ सहायक प्रशासकीय अधिकारी आणि विकास अधिकारी भरते, सार्वजनिक क्षेत्रातल्या सर्वसाधारण विमा कंपन्याही अधिकारी भरतात, आणि या परीक्षांची तयारी बँकेच्या परीक्षांसोबत होऊन जाते. सर्व्हेयर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून तिचा आकडा ठरवणारा, हा तर स्वतंत्र व्यवसाय आहे. अभियांत्रिकीची पदवी वा पदविका घेतलेला मुलगा प्रशिक्षण आणि परीक्षा पार करून विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना घेऊ शकतो आणि यवतमाळात राहून काम करू शकतो. कृषी पदवीधरांना पीक विम्याच्या पाहणीत काम मिळते, आणि अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्या हाताशी आहे. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या परीक्षा कोणतीही नोकरी करता करता देता येतात. एजंट होण्यासाठी दहावी, थोडे प्रशिक्षण आणि एक परीक्षा पुरते. हे काम गाव हलके समजते, पण जो एजंट अटी वाचून दाखवतो आणि दावा लागला तेव्हा घरी येऊन फॉर्म भरून देतो, त्याचा गावाला माझ्यापेक्षा अधिक उपयोग आहे.

मुलगी हे वहीत उतरून घेत होती. पीक विम्याचा शब्द निघाला तसे बाबा पुढे सरकले, कारण त्यांच्या लेखी विमा म्हणजे मुळात पीक विमाच. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. त्यात खरीप अन्नधान्य आणि तेलबियांना शेतकऱ्याने जास्तीत जास्त २ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के हप्ता भरायचा, कंपनीने लावलेला खरा दर त्याहून कितीही जास्त असला तरी वरचा भार केंद्र आणि राज्याने उचलायचा. २०२३ च्या खरिपात राज्याने शेतकऱ्याचा हिस्सा एका रुपयावर आणला होता, २०२५ च्या खरिपापासून तो पुन्हा भरावा लागतो आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या उत्पन्नावर ठरते. कंपनी जो खरा दर लावते, तो ठरवण्याचे काम ॲक्चुअरीचे. पण भरपाईचे सूत्र योजनेत दिलेले असते, आणि ते बाबांना आजवर कोणी मांडून दाखवले नव्हते.

मी हिशोबाला सोपे असे मनचे आकडे घेतले. महसूल मंडळाचे, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचे, सोयाबीनचे सात वर्षांचे उत्पन्न हेक्टरी १२, १४, ५, १३, १५, ६ आणि ११ क्विंटल आहे असे धरू. त्यांतली सर्वांत चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी १३. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेले की भरपाई सुरू होते ते, ९.१. यंदा मंडळात ६.५ आले तर २.६ ची तूट, म्हणजे उंबरठ्याच्या दोन सप्तमांश. विमा संरक्षित रक्कम ५६,००० असेल तर भरपाई १६,०००. आपल्या बांधावर काय पिकले याला यात जागा नाही, मंडळात काय पिकले ते पाहायचे. बाबांना हे आधीपासून ठाऊक होते आणि मान्य कधीच नव्हते, त्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. त्यांचे बोट खोडलेल्या दोन वर्षांवर होते. "हे दोन वर्सं काहून खोडले? म्हंजे आमची नापिकीच खोडली ना?"

तसे नाही, हे मी त्यांना दाखवले. सातही वर्षे धरली असती तर सरासरी ११ च्या आत आली असती आणि उंबरठा ७.६ वर बसला असता, म्हणजे खराब वर्षे खोडल्याने उंबरठा वर जातो आणि भरपाई वाढते. बाबांनी ते पुन्हा एकदा मांडून घेतले, त्यांना पटले. मग त्यांनी आपली वही मागवली, अलीकडची पाने उलटली, आणि विचारले, "अन् सातातले चार वर्सं खराब निंगाले तं?"

उत्तर मी देण्याआधी मुलीनेच पेन घेतला. तिने १२, ५, १३, ६, ४, १४, ५ असे आकडे लिहिले, ४ आणि एक ५ खोडला, उरलेल्या पाचांची बेरीज ५०, सरासरी १०, उंबरठा ७. यंदाचे उत्पन्न तेच ६.५ धरले तर तूट निघाली अर्ध्या क्विंटलची. तिने भागाकार दोनदा केला, कारण पहिल्यांदा तिचा विश्वास बसला नाही. भरपाई आली ४,०००.

बाबांनी १६,००० आणि ४,००० हे दोन्ही आकडे वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक लिहायला लावले. "हे सात वर्साचं कलम तुयाच लोकाइनं केलं काय?" त्यांनी मला विचारले. मी सांगितले, की नाही, योजनेचे नियम सरकार करते, आमच्या कामातले लोक त्या नियमांवर दर लावतात, आणि दराच्या कागदावर सही करतो तो फेलो. मी अजून फेलो नाही, माझे तीन पेपर बाकी आहेत.

"मंग थे तीन काढ लवकर," बाबा म्हणाले आणि वही मुलीच्या हाती देऊन कापसाच्या गंजीकडे गेले.